दिल्ली तंबोऱ्यानं बुडवली नाही

काही महिन्यांपूर्वी आमच्या मोहल्ल्यात एक जलसा झाला. वक्ते बाहेरगावचे होते, आवाज दमदार होता आणि विषय होता ‘उम्मतचा जवाल’. बोलता बोलता ते अठराव्या शतकातल्या दिल्लीवर आले. बादशहा मुहंमद शाह ‘रंगीला’ नाचगाण्यात कसा बुडाला होता, नादिरशाह दाराशी आला तरी मैफल कशी उठली नाही आणि शेवटी तबला-सारंगीनं सल्तनत कशी खाल्ली, हे त्यांनी रंगवून रंगवून सांगितलं. समोर बसलेल्यांच्या माना डोलल्या. माझीही डोलली असेल. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय.

घरी आल्यावर भाचीनं विचारलं, “मामू, मग मी क्लास सोडू का?”

ती बारावीला आहे. तीन वर्षांपासून ख्याल शिकतेय. त्याच आठवड्यात बाईंनी तिला एक बंदिश दिली होती, तिच्यात ‘सदारंग’ हे नाव येतं. हा सदारंग कोण, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तो याच रंगीलाच्या दिल्लीतला, हे ऐकून ती गप्प झाली. वर क्लासमधल्या एका मैत्रिणीनं तिला आधीच विचारलं होतं, “तुमच्यात गाणं चालतं?” म्हणजे पोरीनं मोहल्ल्यात ऐकायचं की गाण्यानं आपल्याला बुडवलं, आणि क्लासमध्ये ऐकायचं की गाणं आपलं नव्हतंच कधी. दोन्हीकडून दार बंद.

मी तिला त्या रात्री उत्तर दिलं नाही. आधी पुस्तकं काढून बसलो. आता देतोय, आणि तिच्यासारख्या तुम्हा सगळ्यांसमोर देतोय.

आधी एक गोष्ट साफ करू. संगीत जायज की नाजायज, यावर उलेमांमध्ये शतकानुशतकं मतभेद आहेत. मी मुफ्ती नाही. कुणी आपल्या श्रद्धेनं गाणं ऐकत नसेल, तर त्याच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. माझं भांडण आहे ते इतिहासाच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या कहाणीशी. मसला सांगायचा तर फिक्हच्या किताबातून सांगा. त्यासाठी दिल्लीच्या मुडद्यांना साक्षीला उभं करायचं, तर त्यांची साक्ष तरी पूर्ण ऐका.

पगार थकलेल्या फौजा

मुहंमद शाह १७१९ मध्ये गादीवर आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याच वर्षात बादशहा फर्रुखसियरला पदच्युत करून मारलं गेलं होतं, आणि त्याच्या जागी बसवलेले दोन शहजादे काही महिन्यांत मरण पावले होते. कुणाला बसवायचं आणि कुणाला उठवायचं, हे सय्यद बंधू ठरवत होते. म्हणजे गादी खिळखिळी झाली तेव्हा ‘रंगीला’ अजून रंगीला झालाही नव्हता.

त्याच्याही मागं जा. औरंगजेबानं दरबारातल्या गाण्याकडं पाठ फिरवली, साधेपणानं राहिला, खुलताबादला उघड्या आभाळाखालच्या साध्या कबरीत विसावला. ती कबर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलीय. पण आयुष्यातली शेवटची पंचवीसेक वर्षं त्यानं दख्खनच्या लढायांत घालवली. खजिना आटला, मनसबदार वाढत गेले आणि त्यांना द्यायला जहागिरी पुरेनात. ज्याच्या हाती जहागीर आली, तो ती उद्या राहील की नाही या भीतीनं रयतेला पिळू लागला. या रोगाची लागण झाली ती गाणं बंद असलेल्या दरबारात.

मुहंमद शाहच्या काळात हा रोग उघडा पडला. त्याचा सर्वात कर्तबगार वजीर निजाम-उल-मुल्क दरबारातल्या कुरघोड्यांना कंटाळून दख्खनला निघून आला. १७२४ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला त्यानं मुबारिझ खानाला हरवलं आणि दख्खन जवळपास स्वतंत्र केलं. अवध आणि बंगालचे सुभेदारही नावापुरतेच बादशहाचे उरले. बाजीराव पेशवे १७३७ मध्ये थेट दिल्लीच्या वेशीवर जाऊन आले. यातली कुठली गोष्ट तबल्यामुळं झाली?

आता नादिरशाह. त्यानं १७३८ मध्ये काबूल घेतलं. काबूल तेव्हा मुघलांचा सुभा होता. तिथला सुभेदार फौजेच्या थकलेल्या पगारासाठी दिल्लीकडे पैसे मागत होता. पैसे गेले नाहीत. उपाशी शिपाई डोंगरातल्या खिंडी किती दिवस अडवणार?

‘मैफल उठली नाही’ हेही खोटं. २४ फेब्रुवारी १७३९ ला कर्नालची लढाई झाली तेव्हा बादशहा लाल किल्ल्यात गाणं ऐकत बसला नव्हता. तो दिल्लीपासून सव्वाशे किलोमीटरवर, कर्नालच्या छावणीत होता. लढाई काही तासांत संपली. नादिरकडे चपळ घोडदळ होतं, बंदूकधारी होते, उंटांवरच्या हलक्या तोफा होत्या. इकडे हत्ती होते आणि एकमेकांचं तोंड न पाहणारे सरदार.

आणि मग जे घडलं ते नीट ऐका. मीर बख्शी खान दौरान जखमी होऊन मेला. निजामानं नादिरशी पन्नास लाखांत तह जुळवत आणला. नादिर परत जायला तयार होता. पण मोकळं झालेलं मीर बख्शीचं पद निजामाकडं गेलं. ते पद अवधच्या सादत खानाला हवं होतं, आणि तो नादिरच्या कैदेत होता. हकीकत अशी की, त्यानं चिडून नादिरला सांगितलं: पन्नास लाख काय घेता, दिल्लीला चला, तिथं कोटींनी मिळतील.

नादिर दिल्लीला आला. मार्चमध्ये एका दिवसात झालेल्या कत्तलीत मेलेल्यांचा अंदाज २० ते ३० हजारांचा सांगतात. मयूर सिंहासन गेलं, कोहिनूर गेला. लूट एवढी मोठी होती की नादिरनं इराणात तीन वर्षांचा कर माफ केला.

एका पदाच्या हव्यासापायी हे सगळं झालं. चांदणी चौकात ज्यांचे मुडदे पडले, त्यांना कुठल्या गाणाऱ्यानं विकलं नव्हतं.

मुहंमद शाहची वकिली करायला मी बसलेलो नाही. तो आळशी होता, कारभार टाळत होता, दोन सरदारांना झुंजवून दिवस काढत होता. त्याबद्दल त्याला दोष द्यायलाच हवा. पण कारभार टाळणं हा त्याचा गुन्हा होता. गाणं ऐकणारे बादशहा त्याच्याआधीही झाले. तानसेन अकबराच्या दरबारात होता. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह स्वतः रागांवर पदं रचायचा, आणि त्यानं जवळजवळ पन्नास वर्षं राज्य केलं. मुहंमद शाहच्याच काळात तिकडं प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक रोज बासरी वाजवत होता, तिच्यासाठी रचना करत होता. त्याचं राज्य वाढलं. प्रशियात शिपायांचा पगार वेळेवर होत होता, एवढाच काय तो फरक.

परहेजगार बादशहाचं काय झालं?

ही कहाणी खरी असती, तर गाणं सोडून देणारा बादशहा वाचायला हवा होता. तसा एक बादशहा झाला. जलशात त्याचं नाव कुणी घेत नाही.

मुहंमद शाह १७४८ मध्ये गेला. जाण्याआधी काही आठवडे त्याच्याच फौजेनं सरहिंदजवळ मनूपूरला अहमदशाह अब्दालीला मागं रेटलं होतं. हो, त्याच ‘रंगीला’च्या फौजेनं. त्याच्या मुलाला वजीर इमाद-उल-मुल्कनं १७५४ मध्ये गादीवरून काढून आंधळं केलं आणि दुसऱ्या आलमगीरला बसवलं. नावच सांगतं की याला औरंगजेबाच्या वाटेनं जायचं होतं. वयस्कर, मशिदीत जाणारा, पुस्तकं वाचणारा माणूस. १७५९ मध्ये कोटला फिरोजशाहला एक मोठे फकीर आलेत, त्यांच्या भेटीला चला, असं सांगून त्याला नेलं आणि तिथं त्याचा खून केला. मारेकरी त्याच्याच वजिराचे. अल्लाहवाल्या माणसाच्या दर्शनाच्या ओढीनं गेलेला बादशहा मारला गेला.

रंगीलाच्या काळात दिल्ली एकदा लुटली गेली. परहेजगार आलमगीरच्या काळात, १७५७ मध्ये, अब्दालीनं ती पुन्हा लुटली आणि मथुरा-वृंदावनात कत्तल केली. दिल्लीत लुटलं गेलेलं प्रत्येक घर मैफलींचं होतं का? त्यात विणकरांची, भिश्त्यांची, तालिब-इल्मांची घरं होती. त्यात मुसलमानांची घरं होती, हिंदूंची होती.

याच दिल्लीत शाह वलीउल्लाह राहत होते. जन्म १७०३, वफात १७६२. कुरआनचा फारसी तर्जुमा करणारे आलिम. आपले वक्ते त्यांचं नाव आदरानं घेतात, आणि घ्यायलाच हवं. ऐषारामावर त्यांनी कडक टीका केली, हेही खरं. पण ‘हुज्जतुल्लाहिल बालिगा’मध्ये शहरं का उजाडतात याची जी कारणं ते देतात, ती मला कुठल्या जलशात ऐकायला मिळाली नाहीत. ते म्हणतात, एक तर काहीही काम न करता बैतुल-मालवर जगणाऱ्यांची गर्दी वाढली. दुसरं, त्यांना पोसायला शेतकरी, व्यापारी आणि कारागीर यांच्यावर असह्य कर लादले गेले. हा अर्थशास्त्राचा विचार आहे. तबल्याचा त्याच्याशी संबंध नाही.

त्याच शाह वलीउल्लाहांच्या नावे अब्दालीला लिहिलेली पत्रंही प्रसिद्ध आहेत. बाहेरून कुणी गाझी येईल आणि सगळं सुधारेल, ही आशा त्या काळात अनेकांना होती. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. मराठ्यांच्या तोफखान्यावर इब्राहिम खान गारदी शेवटपर्यंत उभा राहिला आणि पकडला गेल्यावर मारला गेला. ही लढाई दोन धर्मांची होती असं दोन्ही बाजूंनी सांगणाऱ्यांनी त्याच्या नावापाशी जरा थांबावं. आणि गाझी? तो लूट घेऊन परत गेला. दिल्लीला राज्यही मिळालं नाही, शांतताही मिळाली नाही.

खरं बोलणारे कोण होते?

आता ज्यांच्यावर आरोप आहे, त्यांच्याकडं येऊ. सरदार एकमेकांचे गळे कापत होते तेव्हा कलावंत काय करत होते?

जाफर जटल्ली नावाचा एक फाटक्या तोंडाचा शायर होता. फर्रुखसियरच्या नाण्यावर त्यानं उपहासाचे शब्द रचले, आणि त्यापायी १७१३ मध्ये त्याचा जीव घेतला गेला अशी परंपरेनं चालत आलेली हकीकत आहे. सौदानं एका मरतुकड्या घोड्यावर कसीदा लिहिला. वाचताना हसू येतं, मग कळतं की हा घोडा म्हणजे पगार न मिळालेली मुघल फौजच आहे. उजाडलेल्या शहरावरच्या ‘शहर-आशोब’ कवितांत बेकार कारागीर, दिवाळं निघालेले सावकार, फाटक्या अंगरख्यातले मनसबदार असे एकेक समोर येतात. मीर तकी मीरनं आपल्या डोळ्यांदेखत उद्ध्वस्त झालेल्या दिल्लीची हकीकत आत्मचरित्रात लिहून ठेवली. दरबारी ज्या खऱ्याला घाबरत होते, ते शायर चौकात म्हणत होते.

ख्वाजा मीर दर्द तर नक्शबंदी सूफी, बुजुर्गाचा मुलगा. त्यांच्या घरी ठरलेल्या तारखांना समाची मैफल भरायची. शहरावर आघातामागून आघात झाले, एकेक शायर लखनौची वाट धरत गेला, दर्द दिल्ली सोडून गेले नाहीत. १७८५ मध्ये तिथंच मातीआड झाले. गाणं ऐकणारा माणूस भेकड असतो, हे त्यांच्या कबरीवर जाऊन कुणी सांगावं.

आणि हे फक्त दिल्लीचं नाही, आपलंही आहे. उर्दू शायरी दिल्लीत रुजली ती वली दखनीचा दीवान तिथं पोचल्यावर, साधारण १७२० च्या सुमारास. वलीचं नातं औरंगाबादशी सांगतात. सिराज औरंगाबादी याच काळात औरंगाबादेत गझल लिहीत होता. त्या दिल्लीचं सर्वात जिवंत वर्णन ज्यानं फारसीत लिहून ठेवलं, तो दर्गाह कुली खानही दख्खनचाच माणूस. निजामाबरोबर तो दिल्लीला गेला, १७३८ ते १७४१ तिथं राहिला, आणि त्यानं उर्स, मुशायरे, बाजार, बीनकार, कव्वाल, नूरबाईसारख्या गायिका हे सगळं टिपलं. पुढं तो औरंगाबादचा सुभेदार झाला.

तो ज्या नेमत खान बीनकाराबद्दल भारावून लिहितो, तोच माझ्या भाचीच्या बंदिशीतला सदारंग. ख्यालाला आजचं रूप देण्यात त्याचा मोठा वाटा. दिल्ली लुटली गेल्यावर चित्रकार पांगले, कुणी अवधला गेला, कुणी आणखी कुठं. सिंहासन इराणला गेलं आणि तिथं मोडलं. सरदारांचे वाडे पडले. त्या सगळ्या काळातलं जे आजही रोज जिवंत होतं, ते सदारंगची बंदिश. तिला तेव्हा कुणी लुटू शकलं नाही, कारण ती गळ्यात होती.

मिरजेपर्यंत आलेली वाट

ती गळ्यागळ्यातून आपल्यापर्यंत आली. ग्वाल्हेरच्या हद्दू खान-हस्सू खान यांच्या घराण्यातून वासुदेवबुवा जोशींकडं, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं, आणि मिरजेत बाळकृष्णबुवांकडून विष्णु दिगंबर पलुसकरांकडं. अल्लादिया खाँसाहेबांनी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांना घडवलं. किराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे. खाँसाहेब मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यातच दफन आहेत आणि उरुसात त्यांच्या नावानं आजही रात्र रात्र गाणं होतं. क्लासमधल्या त्या मैत्रिणीला कुणीतरी हे प्रेमानं सांगायला हवं. गाणं ‘आमच्यात’ चालतं का? बाळ, तू जे गातेस ते आपल्या दोघींच्या दारावरून आलंय.

आणि मिरजेचे तंबोरे? ते बनवणारी सतारमेकर मंडळी बहुतेक मुसलमान. त्यांचे पूर्वज शिकलगार होते, तलवारींना धार लावायचे. तलवारीचे दिवस सरले तेव्हा त्या हातांनी पंढरपूरकडचे भोपळे घेतले आणि सतारी-तंबोरे घडवायला सुरुवात केली. दीडशेहून जास्त वर्षं तो हुन्नर चाललाय आणि २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ‘आधी तलवार, मग तंबोरा, मग नाश’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी मिरजेच्या त्या गल्लीत जाऊन यावं. तिथं तंबोऱ्यानं घरं जगवली.

२००२ मध्ये अहमदाबादला वली दखनीची मजार दंगलखोरांनी पाडली आणि त्यावरून रस्ता झाला. आपली निशाणी पुसणारे बाहेर आहेतच. मग घरात बसून आपणच ती पुसायला का घ्यावी? सदारंगला आपण टाकून दिलं तर उद्या कुणी म्हणेल, तो तुमचा नव्हताच. आणि तेव्हा आपल्याकडं बोलायला तोंड नसेल.

जवालाची चर्चा करायचीच असेल, तर

तबला-सारंगीची ही कहाणी एवढी का चालते, माहीत आहे? ती सोपी आहे आणि कुणालाच महागात पडत नाही. गाणाऱ्या पोरीला रडवणं सोपं. शाह वलीउल्लाहांनी ज्यांच्याकडं बोट दाखवलं, काम न करता सार्वजनिक पैशावर जगणाऱ्यांकडं, त्यांना प्रश्न विचारणं अवघड. कारण ते जलशात पहिल्या रांगेत बसलेले असतात.

म्हणून मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी जवालावर बोललं की मन लावून ऐका आणि नंतर अदबीनं विचारा. आपल्या जमातीच्या ट्रस्टचा हिशेब शेवटचा कधी वाचून दाखवला? वक्फच्या दुकानांचं भाडं किती येतं आणि जातं कुठं? मदरशातल्या उस्तादांचा पगार वेळेवर होतो का? पदाधिकाऱ्यांची निवड कोण करतं, आणि एका पदासाठी दोन गट पडून शाळेचं काम किती वर्षं अडलंय? १७३९ ची दिल्ली याच प्रश्नांवर पडली होती. काबूलच्या शिपायाचा थकलेला पगार आणि मीर बख्शीचं पद, दोन्ही आपल्या गल्लीत आजही भेटतात.

भाचीला मी शेवटी एवढंच म्हणालो: “बेटा, क्लास ठेवायचा की सोडायचा, हे तू ठरव. तुझ्या अम्मीशी बोल, एखाद्या जाणत्या आलिमला विचार, मनाला पटेल ते कर. पण दिल्ली बुडवल्याचा आरोप माथ्यावर घेऊन सोडू नकोस. तो गुन्हा तुझ्या सदारंगनं केलेला नाही.”

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही घेऊन आली आणि म्हणाली, “मामू, नेमत खान कसं लिहायचं? बाईंनी सगळ्यांना सांगायला सांगितलंय, सदारंग कोण ते.”